ताईच्या घोट्यातला स्क्रू

बसने करकचून ब्रेक मारला आणि माझं कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. लागलं फारसं नाही. दांड्याला रबर गुंडाळलेलं होतं, म्हणजे माझ्याआधी बऱ्याच कपाळांनी तक्रार केली असावी. पुढे एक सायकलवाली आडवी आली होती, एवढंच. ती निघून गेली, बस हलली, मागचे एक आजोबा "गाडी चालवतायत की झोपा काढतायत" असं छताकडे बघून म्हणाले आणि सगळे पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये शिरले. मी मात्र ड्रायव्हरच्या उजव्या पायाकडे बघत राहिलो. माझ्या जागेवरून तो अर्धाच दिसत होता. काळा बूट आणि वरखाली होणारी पँटची कड. त्या बिचाऱ्याला माझी नजर कळली असती तर त्याने पुढच्या स्टॉपवर मला उतरवलं असतं. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला का? की वेळेवर लागला आणि मीच पोक काढून बसलो होतो? कपाळाला फक्त आपटणं कळतं. त्याआधी काय झालं, केव्हा झालं, ते कपाळाच्या अखत्यारीत येत नाही.

माझी ताई बस चालवते. चालवायची. गेले तीन महिने ती घरी आहे आणि आज अकरा वाजता तिच्या डेपोच्या मुख्य कचेरीत तिची चौकशी आहे, आणि त्या चौकशीत मी साक्ष द्यायची आहे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या बसचा ब्रेक उशिरा लागला. बस उभ्या टेम्पोला घासली आणि आत उभ्या असलेल्या एका बाईंचं मनगट मोडलं. एकोणीस वर्षांत ताईच्या बसने कुणाच्या सायकलच्या घंटीलाही धक्का लावला नव्हता. ताईचं म्हणणं, ब्रेकवर पाय दाबताना घोट्यात अशी कळ आली की पाय जागच्या जागी थांबला. कंपनीचं म्हणणं, पाय ठणठणीत असल्याचा कागद आमच्या फायलीत आहे, तेव्हा दोष पायाचा नाही, गाडी चालवणाऱ्या बाईंचा आहे. आणि तो कागद ज्या एका वाक्यावर उभा आहे ते वाक्य माझं.

आमच्या प्रयोगशाळेत शरीरात विरघळून जाणाऱ्या वस्तू तयार होतात. खिळे, स्क्रू, टाके, रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या. लॅक्टिक आम्लापासून केलेलं प्लास्टिक, हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग दोनेक वर्षांत त्याचं पाणी आणि वायू होऊन जायचं. म्हणजे माणूस आपला स्क्रू हळूहळू श्वासावाटे सोडून देतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हमखास एक खोल श्वास घेतात. अडचण एकच. हे प्लास्टिक एक्स-रेला दिसत नाही. ते कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं, माणसाचं मांसही जवळपास त्याचंच, त्यामुळे किरण दोघांमधून सारख्याच बेपर्वाईने निघून जातात. लोखंडी स्क्रू कसा पांढराशुभ्र, लग्नाच्या फोटोतल्या दातांसारखा चमकतो. आमचा स्क्रू असून नसल्यासारखा. त्यासाठी केलेलं भोक पुसट दिसतं, भोकातला ऐवज दिसत नाही. तो जागेवर आहे, सरकलाय, तुटलाय की विरघळलाय, हे डॉक्टरला देवावर सोपवावं लागतं, आणि डॉक्टरांना देवावर काही सोपवायला आवडत नाही, कारण तिथे स्पर्धा असते. तेव्हा त्याला दिसता कसं करायचं, हा गेली अकरा वर्षं माझा धंदा. जड अणू घातला की दिसतो. पण बरेचसे जड पदार्थ विरघळत नाहीत, स्क्रू गेला तरी पाव्हण्यांच्या विसरलेल्या छत्रीसारखे तिथेच पडून राहतात. शेवटी आम्ही आयोडीन प्लास्टिकच्या साखळीतच गुंफलं. साखळी तुटत जाईल तसं आयोडीनही लघवीवाटे निघून जातं. स्क्रू दिसतो, फिकट होत जातो आणि मग खरोखरच नसतो. रंगाने जरा पिवळट होतो. आणि ताकदीला साध्या स्क्रूपेक्षा अठरा टक्के कमी भरतो. हे अठरा टक्के मला झोपेतून उठवून विचारा.

ताई डेपोच्या जिन्यावरून घसरली ती दोन वर्षांपूर्वी. घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड. माझा कॉलेजातला मित्र हाडांचा डॉक्टर आहे, त्याला आम्ही सुतार म्हणतो. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा पिवळा टाकू का? चाळीस जणांवर चाचणी चालूच आहे की. ताई एक्केचाळिसाव्या." मी नको म्हणालो. साधा विरघळणारा टाक म्हणालो, आयोडीन नसलेला, पांढरा, पूर्ण ताकदीचा. सुतार म्हणाला, "अरे, पण तूच तर जगभर सांगत फिरतोस की न दिसणारा स्क्रू म्हणजे आंधळी कोशिंबीर." मी म्हणालो, "ताईला प्रयोगात घालायचं नाही." मला तेव्हा फार भरून आलं होतं. आपण बहिणीसाठी काहीतरी करतो आहोत असं वाटलं होतं. प्रयोगासाठी इतरांच्या चाळीस ताया आणि दादा होतेच. त्या चाळिसांतले एकोणचाळीस आज छान चालतात, आणि चाळिसावा छान चालतो पण डॉक्टरांशी भांडून गाव सोडून गेला. ताईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "तू बनवलायस ना? मग टाका." म्हणूनच विचारलं नसावं.

तिचा माझ्यावर असा विश्वास कुठून आला, याचा शोध मी पूर्वी कधी घेतला नाही. विश्वास ठेवून घेणाऱ्याला तशी गरज पडत नाही. पण आता बसच्या काचेला कपाळाची गरम जागा टेकवून बसल्यावर एक दुपार पुन्हा पुन्हा वर येत होती. मी तिसरीत, ती नववीत. मास्तरांनी वहीत शेरा मारला होता, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, आळशी आहे. बाबांनी कान धरला. मी रडत म्हणालो, फळ्यावर काही लिहिलेलंच नसतं. बाबांनी दुसराही कान धरला. ताई जेवता जेवता उठली, मला खिडकीशी नेलं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाच म्हणाली. "कुठली पाटी?" मी विचारलं. ती आत जाऊन म्हणाली, "त्याचे कान सोडा, त्याला दिसत नाहीये." एवढंच. घरात चार मोठी माणसं होती, सगळी शिकलेली, पण मी खरं बोलत असेन ही शक्यता फक्त तिने तपासून बघितली. आठवड्याभरात मला चष्मा लागला आणि तेव्हापासून तिने मला माझ्या नावाने हाक मारलेली नाही. ढापण्या. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. माझी बायको सुरुवातीला चिडायची, आता तीही फोन देताना म्हणते, "घ्या, तुमच्या ताई ढापण्याला विचारतायत."

आठ महिन्यांपूर्वी ताई माझ्या स्वयंपाकघरात बसून होती, उजवा पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि हातात एक्स-रेचं पाकीट. गेले काही आठवडे पाय दुखतोय म्हणत होती. माझ्या हातात गाजर होतं आणि किसणी होती. हात पुसून मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हाड सुरेख जुळलेलं. रेघसुद्धा राहिलेली नाही. भोकाची पुसट सावली, ठरल्या जागी. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. "काही नाही, ताई," मी म्हणालो. "एक्स-रे अगदी क्लिअर आहे."

"मग दुखतं का?"

"वय."

"वय दोन्ही पायांचं सारखंच आहे की रे. डावा नाही दुखत."

बायको हसली, मी हसलो, ताईही हसली. मी गाजर किसायला घेतलं. आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या मुलीने नोंदवहीत 'स्क्रू नाही' असं लिहिलं म्हणून मी तिला पाऊण तास उभं करून ठेवलं होतं. दिसला नाही असं लिही, नाही असं लिहू नकोस. तुला दिसण्या-न दिसण्याचा पगार आहे, असण्या-नसण्याचा नाही. फार गाजलेलं वाक्य आहे हे माझं. निरोपसमारंभात लोक त्याची नक्कल करतात. अकरा वर्षं हेच एक सांगत असलेला माणूस बहिणीच्या घोट्याची फिल्म उजेडाला धरतो, तिच्यात जी गोष्ट दिसणं शक्यच नाही ती दिसत नाही असं बघतो आणि सांगतो, काही नाही. सामान्य माणसाकडून ही चूक होणार नाही. सामान्य माणूस म्हणाला असता, मला काय कळतंय त्यातलं, चांगल्या डॉक्टरला दाखव.

ताईने दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं, "माझा भाऊच हे स्क्रू बनवतो, तो म्हणाला काही नाही." डॉक्टरने लिहिलं, 'रोपण बनवणाऱ्या तज्ज्ञाने एक्स-रे तपासला असून दोष आढळलेला नाही. वाहन चालवण्यास योग्य.' किसणीवरचं वाक्य शिक्का मारून फायलीत गेलं. अपघातानंतर सुताराने महागडा एमआरआय करवला, त्यात आमचा साधा स्क्रूही काळ्या सावलीसारखा उमटतो. स्क्रू मानेशी तुटलेला. तसं बघायला गेलं तर हाड जुळल्यावर तुटून विरघळत जाणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. याने ते घाईने केलं आणि आपलं डोकं घेऊन बाजूला सरकला, तिथे पाण्याची पिशवी तयार झाली आणि घोट्यामागून जाणाऱ्या दोरीसारख्या स्नायूला ते डोकं टोचत राहिलं. आता ऑपरेशन करून काढावं लागेल. पण चौकशीचा प्रश्न वेगळा आहे. स्क्रू अपघाताच्या आधी तुटला की अपघाताच्या धक्क्याने? आधी तुटला असेल तर ताई खरं बोलत होती आणि तिला गाडीवर पाठवणाऱ्यांनी चूक केली; ऑपरेशननंतर तिची जागा तिला परत मिळेल. नंतर तुटला असेल तर ठणठणीत पायाच्या बाईने हलगर्जीपणा केला, आणि पुन्हा स्टिअरिंग नाही. पिवळा स्क्रू असता तर माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या फिल्ममध्येच त्याचं डोकं बाजूला पडलेलं दिसलं असतं, तारखेसकट. लहान मुलानेसुद्धा बोट ठेवून दाखवलं असतं.

आमच्या संचालकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टेबलावरचं कॅलेंडर उलटून बघितलं. पिवळ्या स्क्रूची मंजुरी पुढच्या महिन्यात यायची आहे. "जरूर जा," ते म्हणाले, "बहीण आहे. पण भाऊ म्हणून जा. लेटरहेड नेऊ नका." मी लेटरहेड नेलं नव्हतं. भाऊ म्हणून काय न्यायचं असतं ते मला नीट माहीत नव्हतं, म्हणून एमआरआयची फिल्म, जुना एक्स-रे आणि प्लास्टिक किती आठवड्यांत किती कमजोर होतं त्याचा आलेख घेतला होता.

कचेरीतली खोली लांबट होती, टेबलाच्या मानाने खुर्च्या बुटक्या, त्यामुळे समोर बसलेला माणूस आपोआप हनुवटी वर करून बोलत होता. मधे डेपोचे मोठे साहेब, त्यांच्या एका बाजूला कंपनीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आस्थापना विभागातल्या एक बाई, चष्म्याला साखळी लावलेल्या. ताई गणवेशात आली होती. घालू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल. "आलास? कपाळाला काय लावून घेतलंस?" ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, बसने ब्रेक मारला. "कुठली बस?" तिने नंबर विचारून घेतला आणि मान हलवली, जणू त्या ड्रायव्हरकडे ती नंतर बघून घेणार होती.

साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. खरंच सगळं. की ती फिल्म बघून मी काही नाही असं म्हणालो. की त्या फिल्ममध्ये स्क्रू दिसणं अशक्य होतं. की हे मला जगातल्या बहुतेक माणसांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. कंपनीचे डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे प्रेमाने बघू लागले, कारण आता कागदावरची चूक त्यांच्या एकट्याची राहिली नव्हती. मला हलकं वाटत होतं. कबुली देणाऱ्याला वाटतं तसं, थोडंसं उदात्त.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग तुम्ही तज्ज्ञ म्हणून आता एवढंच सांगा. स्क्रू आधी तुटला की नंतर?"

मी एमआरआयची फिल्म उचलली आणि खिडकीकडे धरली. खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा उजेड तिथे बरा होता. पाण्याची पिशवी पांढरी, भोवती हाडाची जरा झिजलेली कड. ती कड झिजायला किती आठवडे लागतील? तीन महिन्यांत होईल का एवढी? होईलही. सहा महिने म्हणावेत का? म्हणता येईल, पण कशाच्या आधारावर? मागे कुणीतरी काहीतरी विचारत होतं. आस्थापनावाल्या बाईंचा आवाज, ताईचा आवाज, मग एक लांबलेली शांतता, जिच्यात पंखा ऐकू आला. मी कडेवरून नजर काढली नाही. आयुष्यात एकदा घाईने बोललो होतो, आता पुन्हा बोलणार नव्हतो. मी फिल्म खाली ठेवली आणि म्हणालो, "यावरून खात्रीने सांगता येत नाही."

"म्हणजे आधी असं म्हणता येत नाही?"

"नाही. नंतर असंही म्हणता येत नाही."

"प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. बाईंनी लिहून घेतलं. कंपनीकडे एक कागद होता, ताईकडे माझा प्रामाणिकपणा. कागद जिंकला. तो वाचून दाखवायला चार मिनिटं लागली: वाहन चालवण्याच्या कामावरून कायमचं दूर, चौकशी खिडकीवर बदली, निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत लेखी हरकत.

बाहेर भिंतीला लागून एक बाक होता. ताई पाय पुढे लांब करून बसली. मी शेजारी बसलो आणि बोलायला लागलो. त्या कडेविषयी, की ती एवढीशी झिजायलाही वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळा काळ लागतो, आणि मी जर छातीठोकपणे आधी म्हणालो असतो तर त्यांच्या डॉक्टरने मला दोन मिनिटांत उघडं पाडलं असतं. ती ऐकत होती. प्रवाशांचं ऐकावं तशी, समोर बघत.

"त्या बाईने काय विचारलं ऐकलंस का तू?" ती म्हणाली.

"कुठल्या?"

"साखळीवाल्या. मी सांगितलं की त्या दिवशी आत कट्ट झालं होतं, एक्स-रेच्या महिनाभर आधी, आणि तिथपासून दुखायला लागलं. तर ती म्हणाली, हे झालं तुमचं म्हणणं. त्याच दिवशी हे दुसऱ्या कुणाला बोलला होतात का? मी तुझ्याकडे बघत होते रे. किती वेळ बघत होते. तू आपला फिल्म घेऊन खिडकीत."

तेव्हा मला तिचा त्या दिवशीचा फोन आठवला. आठवला म्हणजे उभा राहिला. मी एक्स-रेच्या खोलीबाहेर होतो, आत परदेशी पाहुणे आले होते, पडद्यावर पिवळा स्क्रू बकरीच्या हाडात लख्ख दिसत होता आणि ते टाळ्या वाजवत होते. फोन कानाला लावून मी त्यांच्याकडे बघून हसत होतो. ताईच्या मागे डेपोतल्या गाड्यांचा आवाज होता. ती म्हणाली होती, "ढापण्या, आत्ता पायात कट्ट झालं रे. मोठ्ठा आवाज. मलाच ऐकू आला." अपघाताच्या सहा महिने आधी. मी ते ऐकलं होतं. जगात तो स्क्रू तुटलेला दोनच माणसांना माहीत होता, एक जिच्या पायात होता ती आणि एक मी, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी खोलीभर उजेडात उभा राहून मी सांगितलं होतं की सांगता येत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मला ते सुचलंच नव्हतं. बहिणीच्या तोंडून आलेली गोष्ट हा पुरावा असू शकतो, हे माझ्या कुठल्याच खणात बसत नव्हतं.

मी उठून दार ठोठावलं. बाई फाइल बांधत होत्या. मी म्हटलं, मला एक सांगायचं राहिलं. त्या साखळीचा चष्मा उतरवून म्हणाल्या, "सही झाली हो. आता जे असेल ते हरकतीत लिहा." त्या वाईट नव्हत्या. दोन कोरे कागद त्यांनी आपणहून दिले.

बाकावर आलेख उलटा करून मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला. "सांग," मी म्हणालो. "तारीख?"

"मंगळवार होता. तारीख तुझ्या फोनमध्ये मिळेल. सकाळपाळीची शेवटची फेरी, डेपोच्या आधीचं वळण. ब्रेकवर पाय ठेवला आणि आत कट्ट झालं."

मी लिहिलं, 'ब्रेक दाबताना घोट्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटलं.' ती वाकून बघत होती.

"वाटलं नाही," ती म्हणाली. "झालं."

मी खोडलं आणि झालं असं लिहिलं.

"मग गाडी लावली आणि लगेच तुला फोन केला. हे सगळं असंच्या असं सांगितलं. लिहिलंस? आता तू काय म्हणालास ते लिही."

मी पेन टेकवून थांबलो. पाहुणे आठवत होते, पडदा आठवत होता, भिंतीचा रंगसुद्धा. मी काय म्हणालो ते आठवत नव्हतं.

"मी काय म्हणालो, ताई?"

"'पाहुणे आलेत, नंतर करतो.'"

"आणि?"

"आणि काय? नंतर केला नाहीस."

ते दोन्ही मी लिहिलं, खाली सही केली, आणि कागद तिला वाचायला दिला.